फॅमिलीत मी बसतो की नाही? आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

अध्यक्ष काका, सेक्रेटरी वहिनी, खजिनदार दादा आणि कार्यकारिणीतले बाकी सगळे,

नमस्कार. पत्र उघड लिहितोय कारण ग्रुपवर काही लिहिलं की दोन मिनिटात कुणीतरी सुविचार टाकतं आणि विषय वर सरकून जातो. आणि काकांशी फोनवर बोललो तेव्हा ते म्हणाले, "अरे तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्याबद्दल काही नाहीये." काका, मला तेच तर सांगायचंय, माझ्याबद्दलच आहे. शहराचं, मंडळाचं, कुणाचंच नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी आपापल्या मंडळाचं समजून वाचा.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. फ्रान्समधल्या एका मध्यम शहरात आमचं चाळीसेक घरांचं मंडळ आहे. दीड दिवसाचा गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ आणि वर्षातून दोनदा मेरीच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हॉलमध्ये सिनेमा. सिनेमाचं खातं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. खातं म्हणजे काय तर प्रोजेक्टर मी आणायचा, एक्स्टेंशन बोर्ड मी आणायचा, पडदा नीट लागला नाही की शिव्या मी खायच्या. या फेब्रुवारीसाठी मी 'ल प्लाकार' सुचवला, म्हणजे आपल्या भाषेत 'कपाट'. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये तो मंजूर झाला, सेक्रेटरी वहिनींनी स्वतः वहीत लिहिलं. मी मराठी सबटायटलं बनवायला बसलो, चार वीकएंड गेले, कारण फ्रेंच माणूस तोंडातल्या तोंडात जे पुटपुटतो त्याला मराठीत काय म्हणायचं यावर एकेक वाक्य अर्धा तास खातं. आणि सिनेमाच्या आठ दिवस आधी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मेसेज आला की "काही पालकांच्या भावना लक्षात घेता फॅमिली प्रोग्रामला साजेसा दुसरा सिनेमा ठरवण्यात येत आहे, सहकार्य करावे." त्याखाली पोल. पर्याय तीन: हो, नको, आणि 'चालेल पण मुलं झोपल्यावर'. तिसऱ्यालाच सगळ्यात जास्त मतं पडली, म्हणजे लोकांना बघायचा होताच की हो.

आता तो सिनेमा आहे तरी काय ते सांगतो, कारण मेसेज टाकणाऱ्यांपैकी दोघांनी तो पाहिलेला नाही हे त्यांनीच मला सांगितलंय.

जानेवारी २००१ मध्ये आलेली कॉमेडी, लेखक-दिग्दर्शक फ्रान्सिस वेबेर. लांबी दीड तासाच्या आत. फ्रान्समध्ये ५० लाखांच्या वर तिकिटं खपली. फ्रान्स्वा पिन्यों नावाचा एक अकाउंटंट आहे, इतका निरुपद्रवी की कंपनीच्या ग्रुप फोटोतसुद्धा मावत नाही, फोटोग्राफरच्या फ्रेमबाहेर राहतो. बायको सोडून गेलेली, पोरगा विचारत नाही आणि आता नोकरी जाणार असं बाथरूममध्ये कानावर पडतं. तो जीव द्यायच्या विचारात असताना शेजारी नव्याने राहायला आलेला म्हातारा बेलोन त्याला बोलण्यात गुंतवतो आणि एक आयडिया देतो. पिन्योंचा चेहरा चिकटवलेले गे बारमधले खोटे फोटो कंपनीत निनावी पाठवायचे. आता त्याला काढला तर लोक म्हणणार की गे आहे म्हणून काढला, आणि लोकांना कंपनी घाबरणार, कारण कंपनी बनवते कंडोम. पिन्योंने वेगळं वागायचंच नाही, नेहमीसारखं यायचं, टेबलावर बसायचं, आकडेमोड करायची. बदलते ती लोकांची नजर. सगळी गंमत तिथे आहे. म्हणजे यातला हिरो गे नाहीच! तरी तुम्ही घाबरलात.

कंडोमचा कारखाना आहे हे मी डिसेंबरातच सांगितलं होतं. एका मिरवणुकीत पिन्यों डोक्यावर कंडोमची टोपी घालून गाडीवर बसतो, तेही सांगितलं होतं. त्या टोपीवर आक्षेप आला असता तर मी ऐकून घेतलं असतं, म्हटलं असतं ती दोन मिनिटं मी लॅपटॉपसमोर उभा राहतो. अजून एक सांगतो, यात जेरार दपार्दिय आहे. दोन बायकांवर सेटवर लैंगिक जबरदस्ती केल्याबद्दल पॅरिसच्या कोर्टाने मे २०२५ मध्ये त्याला दोषी ठरवलं, १८ महिन्यांची सस्पेंडेड शिक्षा दिली, त्याने अपील केलं. कुणी म्हणालं असतं की त्याचा सिनेमा कशाला लावायचा, तर मी निमूट दुसरा शोधला असता, त्याबद्दल माझ्याच मनात चुळबुळ होती. पण तो मुद्दा एकालाही सुचला नाही. सुचलं ते "विषय".

आणि मजा सांगू? मागच्या वर्षी याच हॉलमध्ये आपण 'भेजा फ्राय' पाहिला. विनय पाठक गायला लागला की सांगलीच्या आजी डोळे पुसून पुसून हसत होत्या, मुलं पुढे चटईवर लोळत होती. तो २००७ चा 'भेजा फ्राय' ज्या सिनेमावरून उचललाय ना, १९९८ चा 'ल दिने द कों', तो याच वेबेरचा. त्यातल्या बावळट माणसाचं नावसुद्धा फ्रान्स्वा पिन्योंच आहे, वेबेर हे नाव फिरवून फिरवून वापरतो. म्हणजे तोच लेखक, तीच नाळ, तोच पिन्यों. गेल्या वर्षी तो फॅमिली होता आणि यंदा नाही.

आता माझं. हे मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, पण "तुझ्याबद्दल काही नाहीये" या वाक्यावर उत्तर दिल्याशिवाय झोप लागणार नाही.

मी गे आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना माहितीये, उरलेल्या निम्म्यांना अंदाज आहे, आणि तरी दरवर्षी कुणीतरी बहिणीच्या नणंदेचा बायोडेटा पाठवतंच. ल प्लाकार मी पहिल्यांदा २००९ च्या जानेवारीत पाहिला. तेव्हा मी आणि माझा एक मित्र मास्टर्ससाठी आलो होतो, एका खोलीत राहायचो, जमिनीवर गाद्या, मध्ये राईस कुकर, आणि फ्रेंच सुधारावं म्हणून रोज रात्री एक सिनेमा. त्या सिनेमात पिन्योंपेक्षा मला लागला तो सांतिनी, दपार्दियचंच पात्र. हा कंपनीतला दांडगट, ऑफिसची रग्बी टीम चालवणारा, गे लोकांवर घाणेरडे जोक मारणारा. सहकारी त्याची फिरकी घेतात की आता पिन्योंशी गोड वाग नाहीतर तुझीच नोकरी जाईल. मग हा बिचारा पिन्योंला जेवायला नेतो, चॉकलेटं देतो, महागडा गुलाबी स्वेटर घेऊन देतो. बायकोला बिल सापडतं, तिला वाटतं याचं बाहेर काहीतरी आहे. आणि हे नाटक करता करता कधीतरी ते नाटक राहत नाही. शेवटी तो पिन्योंला म्हणतो माझ्याकडेच राहायला ये, पिन्यों नाही म्हणतो आणि हा एवढा धिप्पाड माणूस पार कोसळतो, दवाखान्यात जातो.

स्वेटरच्या सीनला माझा मित्र गादीवर आडवा होऊन हसत होता. मी पण हसलो. मग भात बघतो म्हणून उठलो, कुकरचं बटण केव्हाच वर आलं होतं तरी मी तिथे पाठमोरा उभा राहिलो. कारण त्याच आठवड्यात सोल्द लागले होते, इथले जानेवारीतले सेल हो, आणि मी २९ युरोचा एक निळा मफलर घेऊन माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवला होता, त्याला देण्यासाठी. तेव्हा २९ युरो म्हणजे आमचा दोघांचा आठवड्याचा किराणा. नंतर दिला, म्हटलं स्वस्तात मिळाला. त्याने तो तीन हिवाळे वापरला.

त्याला मी सांगितलं २०११ मध्ये, बसस्टॉपवर, तीन बस सोडून दिल्यावर. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझ्याकडून तसं नाहीये रे." आणि पाच मिनिटांनी, "जेवलास का?" माझ्या एकतर्फी प्रेमाची गोष्ट एवढीच आहे, संपली. त्या रात्री आम्ही कबाब खाल्ला. आज तो इथून दोन तासांवर राहतो, त्याची मुलगी मला काका म्हणते, त्याच्या लग्नात मुंडावळ्यांची गाठ सुटली ती मी बांधली. हे सगळं त्याला विचारून लिहितोय, मफलरचं मात्र त्याला आत्ताच कळेल.

म्हणून मला हा सिनेमा लावायचा होता. प्रचार वगैरे कसला, मला एकदा आपल्या माणसांच्या मध्ये बसून त्या स्वेटरच्या सीनला मोठ्याने हसायचं होतं. एवढंच.

सिनेमात सगळं छान आहे असं नाही हां. यात खराखुरा गे माणूस एकच, तो म्हातारा बेलोन. वीस वर्षांपूर्वी ज्या कारणावरून त्याची नोकरी गेली त्याच कारणाने आज तो दुसऱ्याची वाचवतो, यावर वेबेर एक मिनिट थांबतो आणि पुढे पळतो. बेलोनला प्रेम नाही, जोडीदार नाही, तो हिरोला सल्ले द्यायला आहे आणि हिरो ऑफिसमधल्या मॅडमबरोबर सुखी होतो. फ्रेंच कॉमेडीत हे फार चालायचं. पण बेलोनला ऑफिसातून काढलं ती भीती लेखकाच्या डोक्यातली नव्हती. नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यात 'लैंगिक कल' हे शब्द इथे आले ते नोव्हेंबर २००१ मध्ये, सिनेमा लागल्यावर दहा महिन्यांनी. या गोष्टी सिनेमानंतर चहा घेताना बोलता आल्या असत्या, मी पाच मिनिटांचं टिपणही काढलं होतं, ते अजून फ्रीजवर लावलेलं आहे.

तर आता तक्रारी.

पहिली, "मुलं लहान आहेत." कुठली मुलं? ढोलाच्या प्रॅक्टिसला तुमच्यातल्याच एकाचा दहा वर्षांचा मुलगा मला सांगत होता की त्याच्या वर्गातल्या एकीला दोन मामाँ, म्हणजे दोन आई, आहेत आणि दोघीपण केक भारी करतात. त्याला त्यात केकच महत्त्वाचा वाटला. आपण ज्या मेरीच्या तळमजल्यावर गणपती बसवतो त्याच्याच वरच्या मजल्यावर २०१३ पासून दोन पुरुषांची, दोन बायकांची लग्नं लागतात, खाली उतरताना ते लोक आपल्या मखराचे फोटो काढतात. मुलं हे बघतच मोठी होतायत. घाबरलो आपण, आणि नाव मुलांचं पुढे केलं.

दुसरी. बदली सिनेमा कुठला लावलात? पावणेतीन तासांचा हिंदी, त्यात मी मोजायचा प्रयत्न केला, मध्यंतरापर्यंत साठेक माणसं मेली, एकाचा हात तुटून कॅमेऱ्यासमोर पडला. पुढच्या चटईवर तीच मुलं. पोल नाही, भावना नाहीत, समोसे मात्र होते. आणि हो, प्रोजेक्टर मीच लावला होता, कारण दुसऱ्या कुणाला तो लावता येत नाही.

तिसरी, "आपल्या संस्कृतीत बसत नाही." मागच्या वर्षी आपण तेंडुलकरांचं वाचन केलं, काका, तुम्ही किती सुंदर वाचलंत. त्याच तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली मराठी रंगमंचावर आलं. मित्रा नावाच्या मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम, आणि बापूचं, म्हणजे तिच्या दोस्ताचं, तिच्यावर. एकतर्फी प्रेम आणि मैत्री, सगळं तेच, फ्रेंचांच्या या कॉमेडीच्या वीस वर्षं आधी, आपल्या भाषेत. फक्त त्यात मित्रा शेवटी मरते. मला या वेळी कुणी न मरणारं हवं होतं.

आणि सिनेमा तरी कुठून आला आपल्याकडे? दोन वर्षांपूर्वी बस करून आपण सगळे ल्योंला गेलो, रू द्यु प्रमिए फिल्म या रस्त्यावर ल्युमिएर बंधूंच्या घरी, जिथे १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं शूटिंग झालं. तिथे वहिनींनी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं की पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, हेच सिनेमे मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये दाखवले गेले. वहिनी, तेव्हा कुणीतरी म्हणालं असेलच की हे बायकापोरांनी बघण्यासारखं नाही.

चौथी तक्रार खरं तर सगळ्यात जुनी. 'फॅमिली प्रोग्राम' म्हणजे काय ते एकदा लिहून द्या. आपली वर्गणी फॅमिलीला ४० युरो आणि सिंगलला २५. पाच जणांचं घर माणशी ८ युरो देतं, मी एकटा २५ देतो, सहा वर्षं देतोय, कधी बोललो नाही. गणपतीला एकवीस मोदक मीच वळतो कारण कळ्या माझ्याच पडतात असं तुम्हीच सांगता. आजींना कागदांसकट प्रिफेक्चरला, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, मी घेऊन जातो, पहाटे कुणाला एअरपोर्टवरून आणायचं असलं तर "तू एकटाच आहेस, तुला काय" म्हणून मला फोन येतो. तेव्हा मी घरचा. आणि सिनेमा निवडताना मात्र "काही पालकांच्या भावना". माझे आईवडीलही पालकच आहेत हो. आईला मी २०१६ मध्ये सांगितलं, ती आठ महिने नीट बोलली नाही, मग एक दिवस फोनवर तिने त्या मित्राचं नाव घेऊन विचारलं, "त्याने तुला वाईट वागवलं नाही ना?" तिला पोल लागला नाही.

मागण्या साध्या आहेत.

ल प्लाकार मार्च संपायच्या आत लावा. हॉल नाही मिळाला तर कुणाच्याही घरी, पण मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ग्रुपवर रीतसर निमंत्रण देऊन. 'मुलं झोपल्यावर' असं न लिहिता. ज्या पालकांना मुलांना आणायचं नाही त्यांनी आणू नये, तो त्यांचा हक्क आहे, मी एक शब्द बोलणार नाही.

सिनेमा कसा निवडायचा याचा नियम लिहून काढा. मारामारी, रक्त, शिव्या, चुंबन, सगळ्याला एकच फूटपट्टी लावा. नियमात माझा सिनेमा बसला नाही तर मी गप्प बसेन, पण मग तो साठ मुडद्यांचा पण बसायला नको.

आपलं मंडळ १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेली असोसिएशन आहे, वर्षाची सर्वसाधारण सभा होते, तिथे चहा पिऊन आपण हिशोब मंजूर करतो. यंदा हा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. मीटिंगमध्ये मंजूर झालेली गोष्ट तिघांनी रात्री पावणेबारा वाजता फिरवायची हे काही बरोबर नाही, उद्या गणपतीची तारीख पण अशी फिरेल.

वर्गणीचं बघा काहीतरी. माणशी करा.

माफी नकोय. मी मंडळ सोडून जातोय असंही कुणी समजू नका, सहा वर्षांच्या वायरी माझ्या तळघरात आहेत, त्या घेऊन जाणार कुठे.

घाई एवढ्यासाठी आहे की सांगलीच्या आजींचा व्हिसा ९० दिवसांचा आहे आणि त्या २९ मार्चला परत जातायत. सिनेमा रद्द झाल्याचं कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या भेजा फ्रायवाल्याचा दुसरा आहे म्हणे तो?" मी म्हटलं हो, पण विषय जरा वेगळाय आजी. त्या म्हणाल्या, "विषयाचं काय ते मी बघेन, तू अक्षरं तेवढी मोठी ठेव, मागच्या वेळी खालचं वाचता येत नव्हतं."

अक्षरं मोठी केलीत. २१ मार्चचा शनिवार मी मोकळा ठेवलाय. माझ्या घरात सोफ्यावर चार आणि खाली दहा जण बसतील. खजिनदार दादा, मंडळाच्या सतरंज्या तुमच्याकडे आहेत, त्या शुक्रवारपर्यंत पाठवा.

तुमचा,
सिनेमाचं खातं
(अजून तरी माझ्याकडेच)